ड्रायव्हरच्या सीटवरचा डाग

१० नोव्हेंबर

आज मामांच्या गाडीची सीट धुवायला घेतली आणि नुसती भिजवून ठेवली.

इचलकरंजीचं प्रोसेस हाऊस बंद पडल्यापासून डोक्यात हेच घोळतंय. इतकी वर्षं मी तिथल्या लॅबमध्ये कापड तपासलं. कुठला रंग कशानं उतरतो, कुठला डाग कशानं पक्का होतो, एवढंच मला येतं. कोल्हापुरात गाडी बाहेरून चकाचक करणारे गल्लोगल्ली आहेत. आतल्या सीटा, खालचं कार्पेट, छताचं अस्तर मात्र फेस लावून, ब्रश मारून, फडक्यानं पुसून सोडून देतात. मग मळ जातो कुठं? खाली फोममध्ये. हे काम आपण नीट का करू नये? आमचे सयाजी दूध संघातल्या कामावरून आल्यावर त्यांना विचारलं. म्हणाले, "कर की. पण मशीन स्वतः बघून घे, कुणाच्या सांगण्यावर घेऊ नको."

सुनेच्या धंद्याचं एवढं कौतुक असणारा सासरा मी दुसऱ्या कुणाच्या घरात बघितला नाही. मामांनी गाडीची किल्लीच माझ्या हातात ठेवली. "माझ्या गाडीवर शीक. बिघडली तर बिघडली." जन्मभर एसटीवर ड्रायव्हर, रत्नागिरीच्या रस्त्याला गाडी चालवलेला माणूस. आपल्या स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नाही. तरी दिली.

ड्रायव्हरच्या सीटवर, बसायच्या जागी, पिवळसर गोल डाग आहे. "चहा सांडलाय," मामा म्हणाले. घरचाच ओला-सुका ओढणारा व्हॅक्यूम वापरला. साबणपाणी मारलं, ब्रश फिरवला, ओढून घेतलं. वरून छान दिसलं, पण हाताचा पंजा दाबला की बोटांमधून पाणी वर येतंय.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनीच सकाळी म्हटलं होतं, "आधी ह्यांचीच गाडी धू."

"निघंल का गं ते?"

"निघेल की आत्या."

"का परत येतंय?"

मला हसू आलं. सांडलेला चहा परत कसा येईल?

१३ नोव्हेंबर

सीट अजून दमट. दारं उघडी टाकून गाडी उन्हात ठेवली, तरी आत कुबट वास धरलाच. मामा दोन दिवस रंकाळ्यावर फिरायला गेले नाहीत. चालत जा म्हटलं तर म्हणाले, "लांब पडतंय." घरापासून रंकाळा तो केवढा.

एक धडा मिळाला. पाणी घालणं सोपं, काढणं अवघड. मशीन किती जोरात पाणी फेकतं हे बघायचंच नाही. फेकलेलं किती परत ओढतं ते बघायचं.

१८ नोव्हेंबर

शाहूपुरीत जिनेशच्या दुकानात गेले. मूळ जयसिंगपूरचा, सफाईची मशिनं विकतो. बोलण्यात साखर आहे, पण लबाड वाटला नाही. वाफेचं मशीन लावून दाखवलं. नळीच्या तोंडातून पांढरा झोत निघाला आणि एसीच्या जाळीतली धूळ मऊ होऊन फडक्याला आली. बघत राहावं असं काम.

मी विचारलं, "सीटवर वाफ मारली तर मळ सुटतो, हे कळलं. पण सुटून जातो कुठं?"

जिनेशनं हातातलं फडकं उलटून बघितलं. "थोडा फडक्याला येतोय, वहिनी."

"आणि राहिलेला?"

"राहिलेला..." तो हसला. "हे आजपर्यंत मला कुणी विचारलंच न्हाय बघा."

शेवटी म्हणाला, डेमोचं मशीन आठवडाभर घरी घेऊन जा, वापरून बघा, मगच बोलूया. माझ्यावर एवढा विश्वास का टाकला कळत नाही. बहुतेक उत्तर त्यालाही हवं असावं.

२० नोव्हेंबर

आजचा दिवस मजेत गेला. भंगारवाल्याकडून मोडक्या गाडीची एक सीट आणलीय, ती गॅरेजमध्ये टाकून तिच्यावर प्रयोग. एका कोपऱ्यात दूध, एकात चहा, एकात तांबडा रस्सा, एकात अंडं फोडून. आत्या म्हणाल्या, "सीटला जेवाय घातलंस व्हय गं?" सगळं वाळू दिलं आणि वाफ मारली.

रश्श्याचं तेल सुटलं, हळदीचा पिवळेपणा राहिला. चहा निम्मा गेला. दूध आणि अंडं मात्र वाफेनं आणखी घट्ट बसलं. हे मला आधीच सुचायला हवं होतं. अंडं उष्णतेनं शिजतं, ते ताटात काय आणि कापडात काय.

मग मामांच्या सीटवर बेतानं वाफ दिली. कुबट वास पार गेला, डागही फिका झाला. मामांनी नाक खाली नेऊन वास घेतला आणि खूश झाले. "आता कुणाला बी बशीव," म्हणाले.

२४ नोव्हेंबर

डाग परत आलाय. त्याच जागी, थोडा मोठा. वासही आहे, पण कुबट नाही, उग्र. माझं नाक लॅबमध्ये अमोनिया हुंगून हुंगून बोथट झालंय, त्यामुळं नेमका कशाचा ते सांगता येत नाही. फोमच्या जुन्या गोंदाचा असावा. वाफेनं गोंद विरघळला असेल.

पण मला राग नाही, उलट उत्सुकता वाटतेय. वरचा मळ काढला, खाली राहिलेला मळ कापड सुकताना वर चढला, दिव्यात वातीला तेल चढतं तसा. हे लॅबमध्येही व्हायचं. म्हणजे वाफेचं मशीन सीटांसाठी एकटं पुरेसं नाही, हे सिद्ध झालं.

आज गारगोटीला मामांच्या भाच्याचं लग्न होतं. आम्ही तिघं गेलो, मामा आले नाहीत. "एवढ्या लांब कोण बसून राहतंय," म्हणाले. आत्यांनी एका शब्दानंही आग्रह केला नाही, याचं मला नवल वाटलं. एरवी भांडून नेलं असतं त्यांनी.

१ डिसेंबर

जिनेशनं दुसरं मशीन दिलं. हे एकाच तोंडातून पाणी मारतं आणि लगेच ओढून घेतं. तोंडाला पारदर्शक काच आहे, त्यातून वर चढणारं पाणी दिसतं. पहिल्या ओढीला ते काळं गेलं, मग तपकिरी, मग गढूळ, मग स्वच्छ. मी किती वेळ ते पाणी बघत उभी होते कुणास ठाऊक. मळ जातो कुठं, याचं उत्तर समोरच्या टाकीत साठत होतं.

मामांच्या सीटवर सावकाश, एकदा पाणी मारून तीनदा नुसतं ओढून काम केलं. दुपारी धुतलं, संध्याकाळी हाताला कोरडं लागलं. मामा खुर्ची टाकून शेजारीच बसले होते. मधेच म्हणाले, "गादी बी हुतीय का यानं?"

"होते की. कुठली गादी?"

"न्हाय, सहज इचारलं. लोक इचारतील म्हणून."

धंद्याचं डोकं आहे मामांना. गादी, सोफा, सगळंच करता येईल.

७ डिसेंबर

आला. परत आला डाग.

आता मात्र चिडले. मग शांत बसून विचार केला. भंगारच्या सीटवर चहा ओतून याच मशीननं काढला होता, तो आजतागायत आलेला नाही. मशीन तेच, हात तोच, साबण तोच. फरक फक्त गाडीचा. म्हणजे पाणी कुठून तरी नव्यानं येतंय. एसीची नळी तुंबली असेल किंवा दाराचं रबर गळत असेल.

गाडी मेकॅनिक बाळासोकडं नेली. त्यानं खालचं कार्पेट उचलून दाखवलं. "वैनी, हितं थेंब न्हाय. एसीचं पाणी शिटवर कसं चढंल? पायात पडंल की."

बरोबर बोलला. दाराच्या रबरातूनही पाणी आलं तरी ते कडेनं उतरेल, सीटच्या मधोमध येणार नाही.

मग काय? मला हे कोडं सुटत नाही तोवर मशीन घ्यायचं नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीत असं झालं तर त्याला काय सांगू?

९ डिसेंबर

काम झालं नाही. घरातल्या चार गोष्टी.

मामा हल्ली पहाटे उठून स्वतःचे कपडे स्वतः धुतात. मी म्हटलं, मशीनला टाका की. "व्यायाम हुतोय," म्हणाले. चहाही सोडलाय, पाणीसुद्धा मोजून मापून पितात. गाडीत बसताना घडी घातलेला टॉवेल अंथरतात, माझी धुतलेली सीट मळू नये म्हणून. या वयात एवढी शिस्त. सयाजींनी जरा शिकावं.

१४ डिसेंबर

हे लिहावं की नाही, कळत नाही. पण इथं नाही लिहिलं तर कुठं लिहू?

जिनेशकडं निळ्या-जांभळ्या उजेडाची बॅटरी बघितली. न दिसणारे डाग दाखवते म्हणाला. मला नवी नव्हती. लॅबमध्ये असा दिवा होता, पांढऱ्या कापडाला चकाकी आणणारं रसायन तपासायला. घरी आणली. दुपारी गॅरेजचं शटर खाली ओढलं, अंधार केला आणि मामांच्या सीटवर उजेड टाकला.

सीट चमकली. पहिल्यांदा वाटलं, साबणातलं तेच रसायन राहिलंय. पण ते निळसर-पांढरं चमकतं. ही चमक पिवळट, हिरवटकडं झुकणारी. आणि एक डाग नव्हता. एकात एक, एकावर एक, कित्येक गोल. प्रत्येकाची कडा वेगळी. एकदाच सांडलेलं खालून वर आलं असतं तर कडा एकच असती. हे पुन्हा पुन्हा पडलेलं होतं. मधला गोल सगळ्यात ताजा.

मला तेव्हाही कळलं नाही. मी खरोखर खूश झाले होते, कोडं सुटलं म्हणून. खाली वाकले, वास घेतला आणि मग टॉवेल, पहाटेचे कपडे, सोडलेला चहा, गारगोटीचं लग्न, सगळं एकदम समोर आलं. गादी बी हुतीय का यानं.

बॅटरी बंद केली. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. सासऱ्यांच्या बाबतीत असलं काही मनात आणायची आपल्याला सवयच नसते.

१५ डिसेंबर

काही केलं नाही. मशीन झाकून ठेवलं.

सयाजींना सांगू का? ते मामांवर ओरडतील, आधी का नाही सांगितलं म्हणून, आणि मामा तोंड मिटून घेतील. आत्यांना सांगू? त्या बिचाऱ्यांना काहीच माहीत नाही, उगाच घाबरतील. राहिले मी. सुनेनं सासऱ्यापाशी हा विषय कुठल्या तोंडानं काढायचा?

१७ डिसेंबर

आज काढला.

मलकापूरला एका वॉशिंग सेंटरला असंच पाणी मारून ओढणारं मशीन रोज वापरात आहे, ते बघायला मला घेऊन चला, असं मामांना म्हटलं. त्यांचा जुना रस्ता. त्यांनी आधी सयाजींचं नाव पुढं केलं, मग गुडघा दुखतोय म्हणाले. मी हटून बसले. शेवटी निघाले. सकाळपासून घोटभर पाणी प्यायले नव्हते.

केर्लीला गाडी बाजूला घेतली, उतरून उसाच्या आडाला गेले. मी मोबाईलमध्ये बघत बसले. बांबवडे यायच्या आधी पुन्हा थांबले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. किल्ली फिरवणार एवढ्यात मी म्हणाले,

"मामा, हा डाग चहाचा नाही."

ते समोरच्या काचेतून बघत राहिले. "मग कशाचा?"

"तुम्हाला ठाऊक आहे. मला परवा कळलं."

उसाचा एक ट्रॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"सयाजीला सांगिटलंस?"

"नाही."

"तुझ्या आत्याला?"

"नाही. कुणालाच नाही."

"मला वाटलं, मशीन चांगलं मिळालं तर कुणाला कळायचं न्हाय."

"मशीन चांगलंच आहे, मामा. पण डाग रोज नवा पडत असेल तर मशीन काय करणार?"

त्यांनी स्टेअरिंगवर हात ठेवले, जुन्या सवयीनं, दोन्ही बाजूंनी घट्ट. "ह्याच रस्त्याला गाडी भरून न्यायचो. मागं एवढी माणसं. ड्रायव्हरला लागली म्हणून घाटात गाडी थांबवायची व्हय? दाबून धरायची. सगळं आयुष्य दाबूनच धरलं. आता करायला बसलो तर येत न्हाय, आन् नको तवा थांबत न्हाय."

"डॉक्टरला दाखवूया."

"वयाचं हाय गं ते."

"असेल वयाचं. पण जुन्या गाडीचं इंजिन तापायला लागलं तर गाडीचं वय झालं म्हणून तुम्ही तसाच घाट चढला असता?"

"न्हाय," ते हळूच म्हणाले. "बॉनेट उघडून बघिटलं असतं."

मी पाण्याची बाटली पुढं केली. घेऊ का नको करत घेतली, आणि सगळी प्यायले. केवढी तहान लागली होती त्यांना.

"मलकापूरला जायाचं का माघारी?"

"माघारी."

त्यांनी आरशात बघितलं, हात बाहेर काढून मागच्या मोटारसायकलला थांबवलं आणि गाडी वळवली.

१९ डिसेंबर

सोनोग्राफी झाली. प्रोस्टेटची गाठ वाढलीय, मूत्राशय रिकामंच होत नाही, भरून सांडतं तेवढंच बाहेर येतं. डॉक्टर म्हणाले, किडनीला सूज यायला लागली होती, आणखी अंगावर काढलं असतं तर अवघड होतं. पाणी कमी पिऊन उपयोग नव्हता, उलट त्रासच वाढला. नळी घातलीय. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन.

सयाजी ओरडले नाहीत. दवाखान्याच्या जिन्यात माझ्याशेजारी बसून राहिले. "माझ्याशी बोलायला काय झालं होतं त्यांना?" एवढंच म्हणाले.

आत्यांना मी फक्त मामांचं पोट तपासायचंय म्हणून सांगितलं होतं. तरी त्यांनी पिशवी भरून दिली, तिच्यात चार लुंग्या, जुन्या मऊ साडीचे घडी घातलेले तुकडे आणि गादीवर टाकायचं रेक्झीन. नर्सनं मागितलं ते सगळं त्यात निघालं. इतकं नेमकं त्यांना कसं सुचलं कुणास ठाऊक. म्हाताऱ्या माणसांना अंदाज असतो.

मामांनी बजावलंय, आत्यांना आजार सांगा, पण सीटचं सांगू नका. मी शब्द दिलाय.

४ जानेवारी

मामा घरी आलेत. नळी निघाली. अजून जपायचंय, पण सकाळी दोन कप चहा झाला.

आणि आज मशीन ठरवलं. पाणी मारून ओढणारंच, टाकी मध्यम, मोटर मात्र त्यातली सगळ्यात जोराची. फेकायचा जोर कमी असला तरी चालेल. सोबत सीट सुकवायला गरम हवेचा ब्लोअर, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात ओली सीट दिली तर लोक दुसऱ्यांदा येणार नाहीत. वाफेचं मशीन तूर्त नको. ते जाळ्या, शिवणी, रेक्झीन यांच्यासाठी चांगलं, पण काय सांडलंय हे माहीत असल्याशिवाय सीटवर वाफ मारायची नाही. असल्या डागांसाठी एन्झाइमचं, डाग पचवून मोडणारं द्रावण वेगळं येतं, तेही लगेच घेतलं. आधी ते मुरू द्यायचं, मगच ओढायचं.

जिनेश म्हणाला, "वहिनी, मळ जातोय कुठं, ते आता मीच गिऱ्हाइकांना विचारतोय. पटकन विक्री होतीय."

मामांची सीट शेवटची धुतली. द्रावण घालून, मुरवून, ओढून.

१२ जानेवारी

मामांच्या सीटवर काही नाही. बॅटरी लावूनही बघितलं. जुने गोल पुसट दिसतात, नवा एकही नाही.

२ फेब्रुवारी

आज रविवार. सकाळी एक जुनी पांढरी गाडी दारात येऊन थांबली. आतून एक आजोबा उतरले, उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, आवाज पार कोपऱ्यापर्यंत जाणारा. "आकारामची सून तूच न्हवं? मी आण्णा. एसटीत गारगोटी गाडीवर हुतो. आकारामनं पाठीवलंय. शिटचं काम हाय."

"कुठली सीट?"

"ड्रायव्हरची." मग आवाज एकदम खाली आला. "ताक सांडलंय."

मी दार उघडून बघितलं. बॅटरी काढायची गरज नव्हती. "ताक निघतं," एवढंच म्हटलं आणि द्रावणाची बाटली घेतली.

मामा आतून आले, गळ्यात मफलर. आण्णांना घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसले. मला मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मधे एकदा मशीन बंद केलं तेव्हा मामांचा आवाज कानावर पडला, "...दाबून धरत हुतो रं मी बी." आण्णा खाली बघत होते, हातातल्या टोपीची घडी घालत होते आणि परत मोडत होते. आत्या दोघांसाठी पाणी घेऊन आल्या आणि तांब्या तिथंच ठेवून, काही न विचारता आत गेल्या.

काचेतून वर चढणारं पाणी तपकिरी होतं, मग पिवळं, मग स्वच्छ झालं. ब्लोअर लावत होते तेवढ्यात मामा गाडीपाशी आले.

"अनुजा, सुकायला किती येळ लागंल?"

"दुपार होईल, मामा."

"मग आमी जाऊन येतो." त्यांनी स्वतःच्या गाडीचं दार उघडलं, आण्णांना शेजारी बसवलं आणि काच खाली केली.

"कुठं निघालात?"

"दवाखान्यात. डाक्टर आज बारा वाजंपातूर हाईत, फोन केलता." मग आण्णांकडं वळून म्हणाले, "बस नीट. माझी शिट स्वच्छ हाय आन् तुला वाटंत लागलं तर सांग. गाडी थांबवतो."